सुंभाचा शोभेचा चाबूक: घरच्या घरी कसा गुंफाल?

दिवाळीच्या पाडव्याला सिंधुदुर्गात गुरांचा मान असतो. त्यांना न्हाऊ घालतात, गळ्यात फुलांच्या माळा घालतात, पोळे खायला देतात. ज्यांच्या गोठ्यात अजून बैलजोडी आहे ते गोंडे, घुंगरू, रंगीत कासरा काढून ठेवतात. या साजात एक वस्तू हाताने करून ठेवावी अशी आहे, ती म्हणजे सुंभाचा शोभेचा चाबूक. लाकडी मूठ, चार पेडांची गोल वेणी आणि टोकाला लाल गोंडा. गोठ्याच्या दारावर, ओटीवरच्या भिंतीवर किंवा होमस्टेच्या बैठकीत तो शोभून दिसतो. मालवणला आलेल्या पाहुण्याला भेट द्यायलाही ही वस्तू चांगली, कारण तिच्यातला धागा याच किनाऱ्यावरच्या माडाचा असतो.

हा चाबूक मारण्यासाठी नाही, हे आधीच स्पष्ट करतो. जनावराला निर्दयपणे मारणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्राची बैलगाडा शर्यतीसंबंधीची कायदादुरुस्ती वैध ठरवली. पण त्या शर्यतींच्या नियमांतही काठी आणि चाबूक वापरायला मनाई आहे. तेव्हा चाबकाचे मारण्याचे काम संपले, ते बरेच झाले. त्याच्या वेणीतले कसब मात्र संपू देऊ नये. पुढची सगळी कृती याच हिशेबाने दिली आहे.

धागा कोणता घ्यावा

आपल्याकडे सहज मिळणारा धागा म्हणजे काथ्याचा सुंभ. नारळाची सोडणे खाडीच्या मचूळ पाण्यात किंवा खाजणाच्या चिखलात सहा महिने ते वर्षभर पुरून ठेवतात. ती कुजून मऊ झाली की बडवून काथ्या सोडवतात आणि त्याला पीळ देऊन सुंभ वळतात. काथ्यात लिग्निन भरपूर असते, म्हणून तो खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही. गलबतांचे दोर आणि रापणीचे दोर पूर्वी काथ्याचे असत ते याचमुळे. आता रापणीवर नायलॉन आला. सुंभ वळणारे हात कमी झाले असले तरी ते अजून आहेत, आणि वेंगुर्ल्यात तर महिला काथ्या कामगारांची सहकारी संस्था उभी आहे.

सुंभ निवडताना तीन गोष्टी पाहा. जाडी सगळीकडे सारखी हवी. पीळ घट्ट हवा, म्हणजे दोन बोटांत धरून उलटा फिरवला तर सहज सुटता कामा नये. आणि वास घ्यावा. कुबट वास आला तर तो माल नीट वाळलेला नाही, त्याची वेणी पावसाळ्यात बुरशी धरेल. आपल्या कामाला साधारण ४ मिलिमीटर जाडीचा सुंभ योग्य.

सुंभ हाताला टोचतो. ज्यांनी याआधी वेणीकाम केलेले नाही त्यांनी पहिला नमुना त्याच जाडीच्या सुती दोरीचा करावा. सुती दोरी मऊ असते, चुकले तर उकलता येते आणि पेडांची चाल हातात बसते. किनाऱ्यावर टाकून दिलेल्या जाळ्यांचे नायलॉनचे दोरही सरावाला चालतील. गोड्या पाण्यात दोनदा धुऊन त्यांतली वाळू आणि मीठ काढून टाका.

साहित्य

एका चाबकासाठी पुढील साहित्य लागेल. मूठ ३० सेंटीमीटर, वेणी ७५ आणि गोंडा १५ धरला, तर पूर्ण लांबी १२० सेंटीमीटर होते.

• मूठ: ३० सेंटीमीटर लांब, अडीच सेंटीमीटर जाड, गोल आणि गुळगुळीत. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी करणाऱ्यांकडून कातून, रंगवून घेता आली तर फारच देखणी होते. नाहीतर गावातल्या सुताराकडून साधा दांडा तासून घ्यावा.
• वेणीसाठी: ४ मिलिमीटरचा सुंभ ३ मीटर आणि त्याच जाडीची लाल सुती दोरी ३ मीटर.
• गाभ्यासाठी: बारीक सुतळीचे तीन तुकडे, २५, ५० आणि ७० सेंटीमीटरचे.
• मुठीच्या गुंडाळणीसाठी: सुंभ ४ मीटर.
• गोंड्यासाठी: लाल लोकर किंवा सुती धागा, आणि हवे तर चार-पाच घुंगरू.
• तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) एक हात, मेण लावलेला जाड दोरा, धारदार कात्री, मोजपट्टी, खडू, पाण्याचे भांडे आणि एक लाकडी पाट.

लांबीचा हिशेब एकदा समजून घेतला की कोणत्याही मापाचा चाबूक करता येतो. वेणीत पेड सरळ जात नाही, तिरका जातो. म्हणून प्रत्येक पेड तयार वेणीच्या दीडपट लागतो. ७५ सेंटीमीटरच्या वेणीला ११२ सेंटीमीटरच्या आसपास पेड खर्च होईल. टोकाला बांधायला २० आणि हातचे थोडे धरून प्रत्येक पेड दीड मीटरचा घेतला. ३ मीटरची दोरी मध्यावर दुमडली की दीड मीटरचे दोन पेड मिळतात. मुठीच्या गुंडाळणीचेही तसेच. ४ मिलिमीटरच्या सुंभाला १५ सेंटीमीटर झाकायला ३७-३८ वेढे लागतात आणि प्रत्येक वेढ्याला ९ सेंटीमीटरहून थोडा जास्त सुंभ जातो. ते साडेतीन मीटरच्या आसपास होते, म्हणून ४ मीटर.

पायरी पहिली: पेड अडकवणे

मुठीच्या वरच्या टोकापासून २ सेंटीमीटरवर सुताराकडून ८ मिलिमीटरचे आरपार भोक पाडून घ्या. भोकाच्या कडा पॉलिशपेपरने गोल करा. धारदार कड राहिली तर सुंभ तिथेच झिजून तुटतो.

सुंभ आणि लाल दोरी दोन्ही त्या भोकातून ओवा आणि मध्यापर्यंत ओढा. आता मुठीच्या दोन्ही बाजूंना एक सुंभाचा आणि एक लाल असे दोन-दोन पेड झाले. गाभ्याच्या तिन्ही सुतळ्यांची टोके मुठीच्या माथ्यावर टेकवा, चारही पेड वर उचलून त्यांच्याभोवती आणा आणि मेणाच्या दोऱ्याने मुठीलगत आठ-दहा वेढे देऊन घट्ट आवळा. या आवळणीवर सगळा चाबूक लटकणार आहे. ती बांधून झाली की पेड एकेक करून जोराने ओढून पाहा. एकही हलला तर दोरा सोडून पुन्हा बांधा.

सुंभ वापरत असाल तर गुंफायला बसण्याआधी पेड पाच मिनिटे पाण्यात बुडवून कापडाने टिपून घ्या. ओलसर सुंभ वाकतो, कोरडा तुसे सोडतो. लाल दोरीचा रंग पक्का आहे का, हे आधी तिचा एक तुकडा भिजवून पांढऱ्या कापडावर घासून बघा. कच्च्या रंगाने सगळी वेणी डागाळते.

पायरी दुसरी: चार पेडांची गोल वेणी

मूठ खिडकीच्या गजाला घट्ट बांधा आणि पेड आपल्याकडे येऊ द्या. प्रत्येक पेडाची छोटी लडी करून तिला रबरबँड लावा, म्हणजे खालची टोके एकमेकांत गुंतणार नाहीत.

दोन पेड डाव्या हातात, दोन उजव्या हातात धरा. सगळ्यात डावीकडचा पेड घ्या. तो मागच्या बाजूने शेजारच्या दोन पेडांच्या पलीकडे न्या, उजवीकडच्या दोन पेडांच्या मधून पुढे काढा आणि एका पेडावरून परत डाव्या बाजूला आणा. आता सगळ्यात उजवीकडचा पेड घ्या. तोही मागून दोन पेडांच्या पलीकडे न्या, डावीकडच्या दोन पेडांच्या मधून पुढे काढा आणि एका पेडावरून परत उजव्या बाजूला आणा. एवढीच चाल आहे: मागून दोन, पुढून एक. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मध्येच उठावे लागले तर पेडांना चिमटा लावा आणि पुढची चाल कोणत्या बाजूची आहे ते खडूने लिहून ठेवा. एकाच बाजूची चाल दोनदा पडली की वेणीला तिथे गाठीसारखा उंचवटा येतो आणि तो नंतर दाबून जात नाही.

गाभ्याच्या सुतळ्या नेहमी चारही पेडांच्या मधोमध राहिल्या पाहिजेत. मागून नेलेला पेड गाभ्याच्याही मागूनच जातो. गाभा पेडांच्या फटींतून डोकावू लागला तर तो जाड झाला आहे, असे समजून एक सुतळी कापून टाका.

रंगाची नक्षी पेडांच्या मांडणीवर ठरते. प्रत्येक हातात एक सुंभाचा आणि एक लाल पेड ठेवला तर लाल पट्टी वेणीभोवती फिरत फिरत टोकापर्यंत जाते. दोन्ही लाल पेड एका हातात आणि दोन्ही सुंभाचे दुसऱ्या हातात ठेवले तर वेणीवर लांबच लांब उभ्या पट्ट्या पडतात. दहा-बारा सेंटीमीटर गुंफून पाहा, आवडली ती नक्षी धरा.

ओढ सारखी ठेवणे

वेणीकामाचे खरे कसब या एकाच गोष्टीत आहे. चाल कुणीही तासाभरात शिकतो. ओढ सारखी ठेवायला सराव लागतो, आणि चांगला चाबूक कोणता, साधा कोणता, हे पाहणाऱ्याला ओढीवरूनच कळते.

पेड परत आपल्या बाजूला आणला की तो खाली नाही, बाजूला ओढावा. खाली ओढल्याने वेणी लांबट आणि सैल होते. दोन्ही हात एकदम बाहेरच्या दिशेला, सारख्या जोराने ओढावेत, म्हणजे पेड वर जाऊन आधीच्या पेडाला चिकटून बसतो. आपला उजवा हात बहुधा जास्त जोर लावतो आणि वेणी हळूहळू डावीकडे पिळवटू लागते. समोरून पाहिल्यावर पेडांची रेघ सरळ खाली उतरत नसेल तर हा दोष आहे. तो पुढे भरून निघत नाही, तेवढा भाग उकलावाच लागतो.

पहिले ५ सेंटीमीटर मन लावून गुंफा आणि तेवढ्यात किती फुल्या पडल्या ते मोजा. नंतर दर ५ सेंटीमीटरला थांबून पुन्हा मोजा. आकडा सारखा येत असेल तर ओढ सारखी आहे. कमी झाला तर वेणी सैल पडते आहे, वाढला तर हात आखडला आहे.

सुंभाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांभाळावी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी म्हण असली तरी गुंफताना पेड बोटांत उलटा फिरला तर पीळ सुटतो आणि काथ्या पिंजारतो. म्हणून प्रत्येक चालीच्या शेवटी पेडाला त्याच्या मूळ पिळाच्या दिशेने हलका पीळ द्यावा. सुंभ वळणाऱ्या बायकांचे हात पाहिलेत तर हे बारीक फिरवणे लगेच लक्षात येईल. ज्यांच्या गावात असे कुणी असेल त्यांनी तासभर शेजारी बसून पाहावे. ते बोटांचे वळण कागदावर लिहून पूर्ण सांगता येत नाही.

उतार

चाबकाचे सौंदर्य त्याच्या उतारात असते: मुठीजवळ भरीव आणि टोकाकडे निमुळता. त्यासाठीच गाभ्याच्या सुतळ्या वेगवेगळ्या लांबीच्या घेतल्या. २५ सेंटीमीटरला पहिली संपते, ५० ला दुसरी, ७० ला तिसरी. शेवटचे ५ सेंटीमीटर वेणीत गाभा नसतो. सुतळीचे टोक सरळ कापू नका, तिचे धागे विस्कटून ते तिरके छाटा. नाहीतर तेवढ्या जागी वेणीवर पायरी दिसते.

मारण्याच्या चाबकात हाच उतार आवाज काढायला कारणीभूत असतो. मुठीकडून निघालेली लाट बारीक होत जाणाऱ्या दोरीतून पुढे जाते तसा तिचा वेग वाढतो आणि टोकाशी तो आवाजाच्या वेगाच्याही, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या पलीकडे जातो. चाबूक कडाडतो तो यामुळे. त्यासाठी टोकाला बारीक, मोकळा फटका बांधतात. आपण तो बांधायचा नाही. त्याच्या जागी जाडसर गोंडा आला की टोकाचा वेग मरतो आणि घरातल्या मुलाच्या हाती चाबूक गेला तरी डोळ्याला इजा होण्याची भीती कमी होते. शोभेच्या चाबकाला गोंडा हवाच, तो का हवा याचे हे कारण आहे.

पाटाखाली लाटणे

वेणी ७५ सेंटीमीटर झाली की टोकाशी मेणाच्या दोऱ्याने घट्ट आवळा. ती अजून ओलसर असतानाच स्वच्छ फरशीवर ठेवा, वर पाट ठेवा आणि तळहाताचा भार देऊन पुढे-मागे लाटा. मुठीकडून सुरू करून टोकाकडे जा. लहानसहान उंचसखलपणा यात बसतो, वेणी गोल होते. मग कात्रीने बाहेर आलेली तुसे छाटा. मेणबत्तीवर धरून तुसे जाळण्याचा मोह टाळा, काथ्या चटकन पेट घेतो. शेवटी चाबूक सावलीत, मूठ वर आणि टोक खाली असा टांगून दोन दिवस वाळू द्या. टोकाला एखादा हलका दगड बांधला तर वेणी सरळ वाळते.

मुठीची गुंडाळणी आणि गोंडा

मुठीवरचा १५ सेंटीमीटर भाग सुंभाने गुंडाळायचा. सुंभाचे सुरुवातीचे टोक मुठीवर लांबीला ठेवा आणि त्याच्यावरूनच वेढे देत जा, म्हणजे ते टोक वेढ्यांखाली गाडले जाते. शेवटचे ४ सेंटीमीटर उरले की तंगूस दुमडून त्याचा फासा मुठीवर ठेवा. फाशाचे तोंड पुढे, दोन्ही टोके मागे, म्हणजे झालेल्या वेढ्यांच्या बाजूला. उरलेले वेढे या फाशावरून द्या. सुंभाचे शेवटचे टोक फाशात ओवा आणि तंगुसाची दोन्ही टोके धरून जोराने ओढा. सुंभाचे टोक वेढ्यांखाली खेचले जाते आणि कुठेही गाठ दिसत नाही. टोक जाड असेल तर त्याचा पीळ सोडून अर्धा काथ्या आधी छाटून टाका, म्हणजे ते सहज सरकते.

गोंड्यासाठी १५ सेंटीमीटर रुंद पुठ्ठ्यावर लाल धाग्याचे पन्नास वेढे द्या. एका बाजूने मेणाचा दोरा ओवून गाठ मारा, दुसरी बाजू कापा. वेणीची चार टोके गोंड्याच्या मधोमध आत घालून मानेशी घट्ट आवळा. घुंगरू लावायचे असतील तर ते या आवळणीच्या दोऱ्यातच ओवा, वेगळे टाकू नका. वेगळे टाकलेले घुंगरू लवकर गळतात.

मुठीला जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात पुरेत. होड्यांच्या लाकडाला किनाऱ्यावर काजूच्या टरफलाचे तेल लावतात, पण ते मुठीला लावू नये. त्याने कातडीला फोड येतात.

जपणूक

सिंधुदुर्गात चार महिने हवा ओली असते. पाऊस सुरू होण्याआधी चाबकाला दोन-तीन कडक उन्हे दाखवा आणि सुती कापडात गुंडाळून माळ्यावर कोरड्या जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलात तर आत दमटपणा कोंडतो. भिंतीवर टांगायचा असेल तर बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर कोरड्या ब्रशने झाडून ऊन द्या, पाण्याने धुऊ नका.

विकायचा असेल तर

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मालवणचा किल्ला पाहायला येणारा माणूस इथून काहीतरी घेऊन जातो, आणि त्यातले बरेचसे बाहेर तयार झालेले असते. त्याच्या शेजारी इथल्या काथ्याची, हाताने गुंफलेली वस्तू ठेवता आली पाहिजे. किंमत ठरवताना साहित्याचा खर्च आणि लागलेले तास दोन्ही मोजा. साहित्य थोडक्यात होते म्हणून चाबूक कवडीमोलाने देऊ नका. सोबत एका चिठ्ठीवर धागा कुठला, मूठ कोणत्या लाकडाची, कुणी गुंफला आणि हा केवळ शोभेचा आहे, एवढे स्वच्छ अक्षरात लिहा.

शेवटी एकच विनंती. सुंभ घ्याल तो शक्यतो आपल्या तालुक्यातल्या सुंभ वळणाऱ्या माणसाकडून घ्या आणि घासाघीस न करता घ्या. वेणी आपण घरी बसून शिकू शकतो, पण वळलेला सुंभ बाजारात आला नाही तर ती गुंफायची कशाची? यंदाच्या पाडव्याला एक चाबूक करून पाहा आणि जमला की शेजारच्या एका मुलाला शिकवा.